एक होडी, दोन घरं

बालमित्रांनो, आज आधी एक गणित सोडवा. एका होडीची लांबी ३.३ मीटर आणि रुंदी १.४ मीटर आहे. तिच्यात दोघांना बसायचंय. पण दोघांमध्ये सतत २ मीटर अंतर हवं. कसं बसवाल?

वहीत होडी काढून पाहिलीत तर तुम्ही म्हणाल, "त्यात काय, बाई! एक या टोकाला, एक त्या टोकाला." कागदावर अगदी बरोबर! पाण्यात मात्र हे उत्तर चुकतं.

ही होडी खरीखुरी आहे बरं का. तिचं नाव 'मिरर'. जॅक होल्ट हे होड्यांचे रचनाकार आणि बॅरी बकनेल हे टीव्हीवर घरच्या घरी करायची कामं शिकवणारे गृहस्थ. या दोघांनी मिळून १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये ती तयार केली. 'डेली मिरर' या वृत्तपत्राने ती घरोघरी पोचवली, म्हणून हे नाव. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे, सांध्यांवर काचतंतूची पट्टी आणि राळ लावायची, की झाली होडी! लोकांनी गॅरेजमध्ये, अंगणात अशा ७० हजारांहून जास्त होड्या बांधल्या. शिडं लालचुटुक. आणि दोन घरांनी मिळून एक होडी ठेवायची, हेही तिकडे नवं नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली. आपल्याकडे शाळा बंद झाल्या, तशा तिकडच्या होड्याही किनाऱ्यावर पालथ्या पडून राहिल्या. १३ मेपासून इंग्लंडमध्ये पाण्यावरच्या खेळांना परवानगी मिळाली, पण एका अटीवर. दुसऱ्या घरच्या एकाच माणसाला भेटायचं, तेही उघड्यावर आणि २ मीटर लांबून. म्हणजे आपलं गणित आलंच!

आता ते चुकतं कसं, ते बघा. वारा शिडावर आदळला की होडी एका बाजूला कलते. ती सावरायला दोघांनाही वाऱ्याकडच्या काठावर जवळ जवळ बसावं लागतं. एकाच्या हातात सुकाणूचा दांडा आणि मोठ्या शिडाची दोरी, दुसऱ्याच्या हातात पुढच्या लहान शिडाची दोरी. दोघं दोन टोकांना गेले, तर होडी नीट चालत नाही, वळतही नाही. शिवाय वारा मागून आला, तर मागच्याचा श्वास थेट पुढच्याच्या अंगावर. त्यात वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ओरडावं लागतं आणि ओरडताना तोंडातून तुषार जास्त उडतात. मास्क लावावा, तर तो भिजून नाकातोंडाला चिकटतो आणि श्वास घेणं कठीण होतं.

तेव्हा उत्तर असं, की दोन घरांनी एकत्र बसायचंच नाही. एका वेळी एकच घर. बहीणभाऊ असोत, आई नि मुलगा असो, घर एक असलं की झालं. सकाळी एक घर, दुपारी दुसरं.

मग होडी धुवायची का? २०२० च्या सुरुवातीला सगळे वस्तूंनाच घाबरत होते. प्लास्टिकवर आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडतो, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. तुमच्याही घरी भाजी धुऊन झाली असेल साबणाने! पुढे कळलं, की खरा धोका हवेतला. दूषित वस्तूला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. तरी सुकाणूचा दांडा आणि दोऱ्या साबणाच्या पाण्याने पुसायला दोन मिनिटं लागतात. विषाणूचं आवरण चरबीचं असतं आणि साबण ते फोडतो. कडक रसायनं मात्र नकोत, शिडाचं नि दोऱ्यांचं कापड खराब होतं. तरंगायची जाकिटं ज्याची त्याची. खरी काळजी घ्यायची ती किनाऱ्यावर. काचा लावलेल्या एकाच मोटारीतून दोन्ही घरांनी जायचं नाही, कपडे बदलायच्या कोंदट खोलीत गर्दी करायची नाही. उघड्या पाण्यावर वारा तरी असतो, तिथे तोही नाही.

पालकहो, आता जरा नीट वाचा. मला स्वतःला विषाणूपेक्षा जास्त भीती वाटते ती एका बुचाची.

होडी उलटली तरी बुडू नये म्हणून तिच्यात हवेच्या पोकळ, बंद पेट्या असतात. आत झिरपलेलं पाणी काढायला आणि लाकूड वाळायला त्यांची बुचं किनाऱ्यावर उघडून ठेवतात. आता समजा, सकाळच्या घराने बुचं काढली आणि नियम पाळून दुपारचं घर यायच्या आत ते निघून गेलं. एरवी दोघांची भेट झाली असती. "बुचं लाव हं!" असं कोणीतरी सहज म्हटलं असतं. आता भेटच नाही. दुपारच्या मुलांना वाटलं, लावलेलीच आहेत. होडी पाण्यात गेली, पेट्यांत पाणी शिरू लागलं. वरून काहीच दिसत नाही! होडी जड झाली, पहिल्या झुळकीला कलंडली, आणि ज्या हवेने तिला तरंगत ठेवायचं ती हवाच आत नाही. ब्रिटनच्या समुद्राचं पाणी सरासरी १२ अंश सेल्सिअस असतं. एवढ्या थंड पाण्यात पडलं की पहिली काही मिनिटं श्वास आवरत नाही.

मग सोडवायला कोण येणार? तिकडच्या जीवरक्षक नौकांवरचे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. पाण्यातल्या माणसाला ओढून घेताना २ मीटर अंतर राखता येतं का? नाही. म्हणून साथीच्या दिवसांत वारा जोराचा असला, तर होडी बाहेर काढायचीच नाही. जेवढं आपल्याला सहज सावरता येतं, त्याहूनही कमी वाऱ्यात जायचं. आणि किनाऱ्यापासून फार लांब नाही.

होडी उलटलीच तर पोहत किनारा गाठायचा नाही, होडी धरून राहायचं. होडीच्या मधल्या फटीतून पाण्यात सोडलेली एक फळी असते. तिच्यावर उभं राहून भार दिला की होडी पुन्हा सरळ होते. हे आधी उथळ पाण्यात, मोठ्या माणसासमोर करून बघायचं.

ज्या घराची पाळी नाही, त्याने घरी बसायलाच हवं असं नाही. किनाऱ्यावर लांब उभं राहून एकाने पाण्याकडे नजर ठेवावी. हातात घड्याळ नि फोन, बस्स. परतायची वेळ आधी ठरलेली असावी. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की वारा वाढला, लगेच हात हलवून परत बोलवावं. हे कामही वाटतं तितकं सोपं नाही. आपली पाळी दुपारी आहे, पोटात कावळे ओरडताहेत, आणि तरी अर्धा तास त्या एका लाल शिडावरून नजर काढायची नाही!

१९ जुलै २०२१ ला इंग्लंडमधले बहुतेक निर्बंध उठले आणि दोन घरची मुलं पुन्हा एका होडीत खेटून बसू लागली. तुमच्यापैकी कोणी कधी होडी वाटून घेतलीत, तर पाळी संपवून निघताना तिच्यात एक चिठ्ठी ठेवा: कोणती दोरी विरली, सुकाणूचा कोणता खिळा सैल झाला, बुचं उघडी की बंद. चिठ्ठी भिजते, म्हणून फोनही करा. आणि दुपारी येणाऱ्यांनो, चिठ्ठीत "बंद" लिहिलेलं असलं, तरी प्रत्येक बूच स्वतःच्या हाताने पिळून बघा.