तीन रुपयांचा बारावा गडी

क्रिकेटचा सामना आपण टीव्हीवर पाहतो. पण ते खेळाडू निवडले कोणी, कोणाला कुठे खेळवायचे हे ठरवले कोणी, ते मात्र दिसत नाही. या पडद्यामागच्या कामासाठी अजित वाडेकरांची गोष्ट सांगतो.

वाडेकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकत होते. मुलाने गणित शिकून इंजिनिअर व्हावे, ही वडिलांची इच्छा. (आमच्या धंद्याचे नुकसान झाले, देशाचा फायदा!) एकदा बसमध्ये बाळू गुप्ते यांनी विचारले, आमच्या कॉलेजच्या संघात बारावा गडी होतोस का? बाराव्या गड्याने मैदानावर पाणी न्यायचे आणि कोणाला लागले तर त्याच्या जागी क्षेत्ररक्षण करायचे. त्याचे मिळणार होते ३ रुपये. वाडेकर तयार झाले. पालकहो, पीएसएलई जवळ आली की बॅट कपाटात टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा ध्यानात घ्यावे.

१९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी वाडेकर कर्णधार झाले. त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे जाऊन प्रथमच कसोटी मालिका जिंकल्या. १९७४ साली मात्र इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरलो, लॉर्ड्सवर तर ४२ धावांत डाव संपला. पुढे लवकरच त्यांनी खेळणे सोडले.

खेळणे सुटले, खेळ सुटला नाही. १९९०च्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. सामान आणि तिकिटे सांभाळणारा व्यवस्थापक वेगळा. यांचे काम खेळाच्या आखणीचे. १९९३ साली इंग्लंडचा संघ आपल्याकडे आला, तेव्हा कुंबळे, राजू आणि चौहान असे तीन फिरकी गोलंदाज एकत्र खेळवले आणि भारताने मालिका ३-० अशी जिंकली. १९९४ साली ऑकलंडला सिद्धूची मान आखडली, तेव्हा सचिनला एकदिवसीय सामन्यात प्रथमच सलामीला पाठवले. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. खेळाडू तेच, फक्त मांडणी बदलली. आम्ही प्रोग्रॅममध्येही कधीकधी एवढेच करतो.

पुढे १९९८च्या सुमारास ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. त्या काळी देशाच्या पाच विभागांचे पाच जण या समितीत बसत. कर्णधार आपले म्हणणे मांडू शके, पण मत देऊ शकत नसे. ज्या खुर्चीतल्या एका मताने वाडेकर कर्णधार झाले होते, त्याच खुर्चीत आता ते स्वतः बसले होते.