मांजराचा कणा दुखावला तर

मणके : मानेचे ७, छातीचे १३, कमरेचे ७, त्रिकास्थीचे ३, शेपटीचे वेगळे.

कारणे : गच्चीवरून पडणे, गाडीचा धक्का, कुत्र्याचा चावा. शेपूट जोरात ओढली गेली तरी मूत्राशयाच्या नसा दुखावू शकतात.

तपासणी : एक्स-रेत हाड दिसते, मज्जारज्जू नाही, त्यासाठी एमआरआय, म्हणजे खर्चाचा मोठा आकडा. बोट चिमटल्यावर पाय आखडणे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. मांजर वळून पाहते का, ओरडते का, हे महत्त्वाचे.

नेताना : सपाट फळीवर. पॅरासिटामॉल मुळीच नको. मांजराला ते विषच.

घरी : लघवी तुंबल्यास मूत्राशय दिवसातून अनेकदा हाताने दाबून रिकामे करावे लागते. रीत डॉक्टरांकडून शिकावी.

परभणीत उपचारासाठी : पशुवैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९७२, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे (‘माफसू’) घटक महाविद्यालय.