मंजूर, भरलेली, रिक्त
गावचे आरोग्य, कागदावरचे आरोग्य : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधसाठ्याची नोंद कशी ठेवतात ते पाहिले. पण कपाटात गोळ्या असूनही त्या लिहून देणारा डॉक्टर जागेवर नसेल, तर रुग्ण रिकाम्या हातीच परततो. म्हणून या भागात केंद्रातल्या माणसांची मोजदाद पाहू.

सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा आपल्याकडचा निकष आहे. उपकेंद्रासाठी हेच आकडे अनुक्रमे ५ हजार आणि ३ हजार. केंद्रात कोणती पदे असावीत हे 'भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके' सांगतात. ही मानके २००७ साली आली आणि २०१२ व २०२२ मध्ये सुधारली गेली. महाराष्ट्रात ग्रामीण भागातली ही केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे असतात. वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सहाय्यक, आरोग्य सेवक, आरोग्य सेविका, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचर असा हा परिवार. त्यातले काही नियमित, तर काही राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी.

या सगळ्यांचा हिशोब एका साध्या तक्त्यात बसतो : पदनाम, मंजूर, भरलेली, रिक्त आणि शेवटी शेरा. केंद्रातून तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो, तिथे सगळ्या केंद्रांची बेरीज होते, मग जिल्हा, मग राज्य. देशपातळीवर ३१ मार्चची स्थिती धरून केंद्रीय आरोग्य मंत्रालय वार्षिक अहवाल काढते. १९९२ पासून तो 'रूरल हेल्थ स्टॅटिस्टिक्स' या नावाने निघत असे. २०२२-२३ च्या अंकापासून त्याचे नाव 'हेल्थ डायनॅमिक्स ऑफ इंडिया' झाले.

हा कागद किरकोळ नाही. रिक्त पदांचा आकडा पक्का झाल्याशिवाय आरक्षणाच्या बिंदुनामावलीचा हिशोब लागत नाही, मागणीपत्र जात नाही आणि जाहिरातही निघत नाही. एका रकान्यातली चूक एखाद्या उपकेंद्राला वर्षभर नर्सबाईंवाचून ठेवू शकते.

आता शेऱ्याचा रकाना जवळून पाहा. समजा, एका केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची २ पदे मंजूर आहेत आणि दोन्ही भरलेली आहेत. रिक्त : शून्य. शेऱ्यात लिहिलेले असते, 'एक अधिकारी ग्रामीण रुग्णालयात प्रतिनियुक्तीवर'. म्हणजे नेमणूक इथली आणि काम दुसरीकडे. राहिलेल्या डॉक्टरांनाच ओपीडी, तालुक्याची बैठक, शाळांची तपासणी आणि शवविच्छेदन केलेले असेल तर कोर्टातली साक्षसुद्धा सांभाळायची असते. पदव्युत्तर शिक्षणाला गेलेला डॉक्टर, प्रसूती रजेवरची आरोग्य सेविका, महिनोन्‌महिने गैरहजर असलेला कर्मचारी, हे सगळे याच अरुंद रकान्यात राहतात. तालुक्याची बेरीज करताना शून्य पुढे जाते आणि शेरा मागे राहतो, कारण शेऱ्याची बेरीज होत नाही.

दुसरी अडचण वरच्या पातळीवरची आहे. राष्ट्रीय अहवालात 'रिक्त' आणि 'कमतरता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर पदांतून भरलेली पदे वजा केली की रिक्त पदे मिळतात. कमतरता मात्र 'आवश्यक' संख्येवरून काढतात, आणि वर्षानुवर्षे ही आवश्यक संख्या अस्तित्वात असलेल्या दर केंद्रामागे एक डॉक्टर अशी धरली गेली. एका काल्पनिक जिल्ह्याचे गणित मांडू. १०० केंद्रे, प्रत्येकी २ पदे, म्हणजे मंजूर २००. भरलेली १३०, म्हणजे रिक्त ७०. पण आवश्यक फक्त १०० आणि भरलेली १३०, म्हणून कमतरता शून्य. उलट ३० डॉक्टर जादा! यातल्या २० केंद्रांत एकही डॉक्टर नसला, तरी बेरीज तीच राहते. शिवाय लोकसंख्येच्या निकषाप्रमाणे जी केंद्रे व्हायला हवी होती पण झालीच नाहीत, त्यांच्यासाठी लागणारे डॉक्टर या हिशोबात येतच नाहीत. म्हणून 'डॉक्टरांची कमतरता नाही' असे विधान कानावर आले, तर आधी विचारावे : आवश्यक संख्या कशावरून धरली?

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांकडूनही अशी माहिती घेतली जाते, पण तिथे माणसांच्या संख्येबरोबर कामाचे तासही मोजतात. आठवड्याचे ३७.५ तास म्हणजे एक पूर्णवेळ कर्मचारी, असे ते माप. २०२१ पासून हे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात. त्यामुळे डॉक्टरांची डोकी वाढली तरी प्रत्यक्ष उपलब्ध वेळ घटला असेल, तर तो फरक लपत नाही. आपली व्यवस्था वेगळी आहे, पण हे तत्त्व घेण्यासारखे आहे. 'भरलेली' या रकान्याशेजारी 'प्रत्यक्ष कार्यरत' असा रकाना हवा, प्रतिनियुक्तीवरच्या माणसाची गणना तो जिथे काम करतो तिथे व्हावी, आणि बेरजेबरोबर केंद्रनिहाय यादीही वरपर्यंत जावी. यासाठी नवे ॲप लागत नाही. केंद्रातल्या हजेरीपटावर ही सगळी माहिती आजही असते.

आणि ती मागण्याचा हक्क गावकऱ्यांना आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या केंद्रात मंजूर पदे किती? त्यांपैकी या महिन्यात प्रत्यक्ष काम करणारे कोण? जे नाहीत ते कुठे आहेत आणि केव्हा परतणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे पुढच्या बैठकीत तोच विषय तिथूनच पुढे नेता येईल. यात तिथल्या कर्मचाऱ्यांवर आरोप नाही. तिघांचे काम एकटीने ओढणाऱ्या आरोग्य सेविकेला या प्रश्नांचा आधारच होईल.

पुढील आठवड्यात : कंत्राटी कर्मचारी, त्यांचे मानधन आणि त्यांच्या नोंदी.