चाकांवरच्या घरांचा शेजारधर्म

गावात किंवा शहरात घर बांधताना भिंत, कुंपण आणि सातबाऱ्याचा उतारा यांनी माणसाची हद्द ठरते. शेजाऱ्याशी मतभेद झाले, तरी वाद कोणत्या रेषेवरून आहे हे दोघांनाही ठाऊक असते. कॅरव्हॅनच्या तळावर मात्र अशी भिंतही नसते आणि उताराही नसतो. मोटारीमागे जोडून आणलेली किंवा स्वतःच्या इंजिनावर चालणारी ही चाकांवरची घरे एका मैदानावर दोन दिवस, चार दिवस मुक्काम करतात आणि पुढे जातात. आज शेजारी असलेले कुटुंब उद्या निघून जाते, त्याच्या जागी दुसरे येते. अशा ठिकाणी अनोळखी माणसांनी एकमेकांना त्रास न देता कसे राहावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वास्तविक तो सुरक्षिततेचा, आरोग्याचा आणि काही प्रसंगी जीवितरक्षणाचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यामुळे हा विषय आपल्याकडील पंचायतींच्या आणि अधिकाऱ्यांच्या विचारकक्षेत आला आहे. ज्या देशात ही प्रथा शतकाहून अधिक काळ रुजलेली आहे, त्या ब्रिटनचा अनुभव या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे.

तळाची परंपरा आणि कायदा

ब्रिटनमध्ये केवळ हौसेने प्रवास करण्यासाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन १८८५ सालची मानली जाते. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्याने ती ब्रिस्टॉल येथील कारखान्यात तयार करवून घेतली होती. दोन घोडे ती ओढीत. पुढे १९०७ साली अशा प्रवाशांचा क्लब स्थापन झाला. मोटारी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर कॅरव्हॅनची संख्या वाढली आणि समुद्रकिनाऱ्यावरील व गावाबाहेरील माळांवर त्या दाटीवाटीने उभ्या राहू लागल्या. पाणी, शौचालये व आगीपासून संरक्षण यांची व्यवस्था सर्वत्र सारखी नव्हती. ही अव्यवस्था दूर करण्यासाठी १९६० साली कॅरव्हॅन तळांचे नियमन करणारा कायदा झाला. त्यान्वये तळ चालवण्यासाठी स्थानिक प्राधिकरणाचा परवाना घेणे सामान्यतः बंधनकारक झाले आणि परवान्याला अटी घालण्याचा अधिकार प्राधिकरणाला मिळाला. त्या अटी सर्वत्र साधारण एकसारख्या असाव्यात म्हणून केंद्रीय मंत्रालयाने आदर्श मानके प्रसिद्ध केली. लहान तळांना मात्र सवलत ठेवली गेली. मान्यताप्राप्त संघटनेने प्रमाणित केलेल्या शेतावर एका वेळी पाच कॅरव्हॅन असा परवाना न घेताही उभ्या राहू शकतात. अनेक शेतकऱ्यांना त्यातून पूरक उत्पन्न मिळते.

सहा मीटरांचे अंतर

या सर्व मानकांचा कणा म्हणजे दोन कॅरव्हॅनमधील अंतर. फिरत्या कॅरव्हॅनसाठी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मानकांनुसार वेगवेगळ्या कुटुंबांच्या दोन कॅरव्हॅनमध्ये किमान ६ मीटर अंतर हवे. या ६ मीटरांत मोटार उभी करता येते, पूरक साहित्य ठेवता येते. मात्र त्यापैकी ३ मीटरांचा पट्टा कोणत्याही परिस्थितीत पूर्ण मोकळा राहिला पाहिजे. एका हेक्टरवर ७५ पेक्षा अधिक कॅरव्हॅन असू नयेत, असेही ही मानके सांगतात. म्हणजे रस्ते व सामाईक सोयी वगळून प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला सरासरी १३३ चौरस मीटर जागा येते. कोणतीही कॅरव्हॅन अग्निशमन साहित्याच्या ठिकाणापासून ९० मीटरांहून दूर असता कामा नये.

हे अंतर कशासाठी? कॅरव्हॅनची भिंत पातळ पत्र्याची किंवा फायबरची असते. आतील फर्निचर प्लायवूडचे, गाद्या फोमच्या आणि जवळच स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर. अशा घराला लागलेली आग काही मिनिटांतच आटोक्याबाहेर जाते. मधली जागा मोकळी असेल तर एक घर जळते, ती कापडाने आणि सामानाने भरलेली असेल तर रांगच्या रांग जळू शकते. निवासी तळांसाठी २००८ साली इंग्लंडमध्ये सुधारित मानके आली. त्यांच्या स्पष्टीकरणात ६ मीटरांच्या अंतराची दोन कारणे दिली आहेत. पहिले आरोग्य व सुरक्षितता, दुसरे शेजाऱ्यापासून मिळणारा खाजगीपणा. एकाच रिकाम्या जागेने जीवही सुरक्षित राहतो आणि मर्यादाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

खुंटीची शिस्त

नियम कागदावर असून भागत नाही, तो जमिनीवर दिसावा लागतो. यासाठी ब्रिटनमधील अनेक तळांवर एक साधी पद्धत आहे. प्रत्येक जागेवर एक खुंटी किंवा क्रमांकाची पाटी रोवलेली असते आणि कॅरव्हॅनचा मागचा ठरावीक कोपरा त्या खुंटीपाशी आणायचा असतो. सर्वांची तोंडे एकाच दिशेला राहतात. ब्रिटनमधील वाहतूक डाव्या बाजूने चालत असल्याने तेथील कॅरव्हॅनचा दरवाजाही सामान्यतः डाव्या अंगाला असतो. परिणामी प्रत्येकाचा दरवाजा आणि दरवाजाबाहेर उभारलेली कापडी ओसरी एकाच बाजूला येते. एका कुटुंबाच्या ओसरीसमोर दुसऱ्या कुटुंबाची पाठ येते, दोन ओसऱ्या समोरासमोर येत नाहीत. मोजपट्टी न लावता अंतर राखले जाते आणि कोणालाही कोणाच्या ताटात डोकावावे लागत नाही.

एखाद्याने अधिक ऊन मिळावे किंवा समुद्र दिसावा म्हणून आपली गाडी आडवी लावली, तर त्याच्यापुरता लाभ होतो, पण दोन्ही शेजाऱ्यांचे अंतर बिघडते. वारा अडवण्यासाठी रोवलेल्या कनाती हळूहळू पुढे सरकवून जागा वाढवणे, हेही कुरबुरीचे नेहमीचे कारण आहे. आधी आलेल्याला जागा निवडता येते, ती वाढवता येत नाही, हे तत्त्व सर्वांनी मान्य केले तर असे तंटे उद्भवतच नाहीत.

न लिहिलेले नियम

काही गोष्टी परवान्याच्या अटींत बसत नाहीत, त्या रीतीने पाळल्या जातात. पाण्याच्या नळाकडे किंवा शौचालयाकडे जाताना दुसऱ्याच्या जागेतून आडवाटेने जाऊ नये, हा त्यांतील पहिला नियम होय. अंगणाला कुंपण नसले तरी ते अंगणच असते. रात्री साधारण दहा-अकरा ते सकाळी सात-आठ ही शांततेची वेळ मानली जाते. या काळात रेडिओ, विद्युतजनित्र, मोटारीचे दरवाजे आपटणे, मोठ्याने गप्पा हे सारे वर्ज्य. उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी अनेक तळांवर प्रवेशद्वाराजवळ वेगळी जागा राखलेली असते. तळावर मोटारी अतिशय संथ वेगाने चालवायच्या, कारण तेथील रस्ता हेच मुलांचे खेळण्याचे ठिकाण असते. कुत्रा साखळीने बांधलेला असावा आणि त्याची घाण मालकाने उचलावी.

सांडपाणी जमिनीवर सोडू नये, ते डब्यात साठवून नेमलेल्या ठिकाणी ओतावे. फिरत्या शौचपात्राची सफाई केवळ त्यासाठी बांधलेल्या कुंडातच करावी, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ मुळीच करू नये. विजेची तार रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरल्यास ती तापते, म्हणून पूर्ण उलगडावी आणि शेजाऱ्याच्या वाटेत येणार नाही अशी टाकावी. कोळशाची शेगडी ओसरीत किंवा गाडीत कधीही नेऊ नये. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि बंद जागेत झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही.

तक्रार उद्भवलीच तर प्रथम शेजाऱ्याशी सौम्य शब्दांत बोलावे आणि तेवढ्याने भागले नाही तर तळाच्या व्यवस्थापकाकडे जावे. व्यवस्थापक तळावरच राहत असेल, तर बहुतेक वाद त्याच दिवशी मिटतात.

तळाबाहेर राहिलेले

या सुव्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमधील जिप्सी व इतर भटक्या समाजांसाठी कॅरव्हॅन ही हौस नव्हे, तेच त्यांचे घर. १९६० च्या कायद्यानंतर परवान्याशिवाय थांबणे कठीण झाले आणि त्यांचे परंपरागत मुक्काम बंद पडत गेले. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी तळ पुरवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोपवले. १९९४ साली ते कर्तव्य रद्द करण्यात आले आणि जागेचा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. ज्याला कायदेशीर जागाच नाही, त्याच्याकडून अंतराची आणि स्वच्छतेची अपेक्षा करणे न्याय्य ठरत नाही. भटक्या-विमुक्तांच्या पालांचा प्रश्न ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्या महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या मातीतील तळ

तळावरची शिस्त आपल्याला परकी नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत चालणाऱ्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात आणि मुक्कामाच्या जागांविषयीही परंपरेचे संकेत असतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी या सोहळ्याला शिस्तबद्ध स्वरूप दिले. मुक्कामाच्या तळावर समाज आरतीपूर्वी चोपदाराने दंड उंचावताच अफाट समुदाय शांत होतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची माहिती दिली जाते आणि दिंड्यांच्या तक्रारींची दखल घेतली जाते. ठरलेली जागा, सर्वांना मान्य असलेला अधिकारी आणि त्याच दिवशी तक्रारीचे निवारण, ही तीन सूत्रे ब्रिटनमधील तळाची आहेत आणि आपल्या वारीचीही आहेत.

पंचायतींपुढील काम

गावाच्या हद्दीत कॅरव्हॅन तळ सुरू होणार असेल तर संबंधितांनी आरंभीच काही गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक जागा खुंटी रोवून व क्रमांक देऊन आखावी. मधला पट्टा मोकळा राहील याची रोज पाहणी व्हावी. पाण्याचा नळ आणि शौचपात्र सफाईचे कुंड एकमेकांपासून दूर असावे. पाण्याच्या व वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक सहज हाती लागतील अशा ठिकाणी असाव्यात. नियमांचा फलक मराठीत व ठळक अक्षरांत असावा. तळाचे सांडपाणी गावाच्या ओढ्यात जाणार नाही आणि तळावरचा गोंगाट वस्तीपर्यंत पोहोचणार नाही, हेही पाहिले पाहिजे, कारण गाव हासुद्धा तळाचा शेजारीच आहे.

हीच दृष्टी यात्रेतील राहुट्यांना आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्यांनाही लावता येईल. पाचटाची कोपी कॅरव्हॅनपेक्षा लवकर पेटते आणि तिच्यात राहणाऱ्या कुटुंबाजवळ दुसरे घर नसते. हौशी प्रवाशांच्या गाड्यांमध्ये जे अंतर आपण आखून देऊ, ते कष्टकऱ्यांच्या झोपड्यांमध्ये राखले जाते की नाही, हे पाहणेही तितकेच अगत्याचे आहे. शाळेच्या सहली व शिबिरांत शिक्षकांनी तंबूंची मांडणी विद्यार्थ्यांकडून मोजून करवून घेतली, तर हा धडा लहानपणीच गिरवला जाईल. शेजाऱ्यासाठी मोकळी सोडलेली जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. संकटकाळी तीच दोघांनाही वाचवते.