हाऊसफुल्लचा बोर्ड लागण्याआधी

‘चांगल्या नाटकाचं तिकीटच मिळत नाही हो!’ असं म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट.

खरी अडचण तारखांची आहे. पुण्याचं बालगंधर्व (१९६८) घ्या किंवा ठाण्याचं गडकरी (१९७८), खुर्च्या हजाराच्या आसपास. कलाकार आठवडाभर मालिकांच्या शूटिंगला, म्हणजे बरेचसे प्रयोग शनिवार-रविवारीच. त्या तारखांवर सगळ्याच निर्मात्यांचा डोळा! अभिनेते प्रशांत दामल्यांचा १२,५०० वा प्रयोग (नोव्हेंबर २०२२) मुंबईच्या षण्मुखानंदला झाला, तिथे अडीच हजारांवर खुर्च्या. पण असं सभागृह रोज कुठलं मिळायला?

म्हणून शनिवारी सकाळी पेपरातली नाटकांची जाहिरात आधी बघा. ‘प्लॅन’, म्हणजे तिकीटविक्री, कधी उघडतोय ते तिथे असतं. त्या दिवशी खिडकी उघडतानाच हजर राहा. पुढच्या रांगा तेव्हाच जातात.

अॅपवर सगळं भरलेलं दिसलं तरी खिडकीवर एकदा विचाराच. दोन्हीकडचे कोटे कधीकधी वेगळे असतात, शिवाय प्रयोगाच्या आधी राखीव जागाही सुटतात. एकट्याने जाणार असाल तर मधली एखादी सुटी खुर्ची बरेचदा सापडते. आणि बाल्कनीला नाकं मुरडू नका. नेपथ्य आणि प्रकाशयोजना तिथूनच नीट दिसते, तिकीटही स्वस्त!