जहाजावर चढण्यापूर्वी वस्तुसंग्रहालय

नागपूर-भंडारा हमरस्त्यावरील आमच्या शहापुराहून समुद्र पाहावयाचा म्हणजे थेट मुंबई गाठावी लागते. आणि एवढा मुलूख ओलांडून जी मंडळी हल्ली गोव्याच्या क्रूझसाठी बॅलार्ड पिअरला जातात, त्यांनी बंदरापासून जवळच असलेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय न पाहताच जहाजावर पाऊल ठेवावे, हे मला तरी अक्षम्य वाटते.

जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाने रचलेल्या, कुर्ल्याच्या करड्या आणि मालाडच्या पिवळसर पाषाणाने नटलेल्या या इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. १९१४ मध्ये बांधकाम पुरे झाले, परंतु महायुद्धात तेथे लष्करी इस्पितळ थाटले गेल्यामुळे रयतेसाठी दरवाजे खुले व्हावयास १० जानेवारी १९२२ उजाडले. इमारतीच्या रचनेवर विजापूरच्या गोल घुमटाची छाया स्पष्ट आहे.

सर रतन आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतील युरोपीय चित्रे अवश्य पाहावीत. माझा कौल मात्र लघुचित्रांच्या दालनाला. अकबराच्या चित्रशाळेत सजलेली ‘अन्वार-इ-सुहैली’ या पंचतंत्राच्या फारसी अवताराची पाने याच संस्थेच्या संग्रहात आहेत, आणि पंचतंत्रातील आपलेच प्राणी अरबी-फारसी मुलखांत फिरून रंगरूप घेऊन परतल्याचे हे नवल, नागपूरचा १८६३ सालचा अजब बंगला, म्हणजे तिथले वस्तुसंग्रहालय, पाहत वाढलेल्या आम्हां वैदर्भीयांनाही थक्क करणारे आहे.

जहाजाची वेळ दुपारची असेल, तर सकाळी संग्रहालयाचा दरवाजा उघडताच आत शिरावे, आणि अवजड सामान मात्र सोबत घेऊ नये.