उपकेंद्राच्या नोंदवहीत म्हातारपण

ग्रामीण भागातील आरोग्य उपकेंद्र ही सरकारी आरोग्यव्यवस्थेची सर्वांत खालची, आणि म्हणूनच लोकांच्या सर्वांत जवळची, पायरी होय. सपाट प्रदेशात सुमारे ५००० आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात ३००० लोकसंख्येमागे एक असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. या पायरीची घडण झाली ती प्रामुख्याने माता, बालक आणि कुटुंबनियोजन या कामांसाठी, आणि त्या कामांना शेवट असतो: बाळंतपण पार पडते, लसींचे वेळापत्रक पूर्ण होते, नोंदवहीतील ओळ बंद करता येते. उच्च रक्तदाब किंवा मधुमेह झालेल्या माणसाची ओळ मात्र तो हयात असेपर्यंत उघडीच राहते, आणि आयुष्यभराची ही उघडी ओळ उपकेंद्राने कशी सांभाळावी, हाच दीर्घकालीन आजारांच्या ग्रामीण सेवेपुढचा खरा प्रश्न आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण जवळजवळ १० टक्के होते, आणि कमावती पिढी पुण्या-मुंबईकडे गेल्यामुळे खेड्यांत ते शहरांपेक्षा अधिक भरते. २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२,००० व्यक्तींची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात साठीपुढच्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांनी आपल्याला उच्च रक्तदाबाचे निदान झाल्याचे सांगितले. हा आकडा निदान झालेल्यांचाच आहे. ज्यांच्या दंडाला कधी पट्टाच बांधला गेला नाही, ते त्यात नाहीत.

गावातल्याच माणसाने गावाची शुश्रूषा करावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात, गावाने निवडलेल्या आणि पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. क्षयरोग आणि कुष्ठरोग यांसारख्या महिनोन्‌महिने औषध घ्याव्या लागणाऱ्या आजारांत रुग्णाच्या घरी वारंवार जाणारी ओळखीची बाई किती उपयोगी पडते, हे तेथे सिद्ध झाले होते. सरकारी यंत्रणेला हा धडा रक्तदाबाच्या बाबतीत गिरवायला मात्र बराच काळ लागला.

२०१० मध्ये असंसर्गजन्य, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे न पसरणाऱ्या, आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले, ज्यावर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आयुर्वेदाचे पदवीधर विशेष प्रशिक्षण घेऊन काम करतात. २०२३ मध्ये याच केंद्रांचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नामकरण झाले. पाट्या बदलण्याचा उत्साह औषधसाठ्याच्या बाबतीतही दिसता तर बरे झाले असते.

सेवेचा आरंभ आशाताईच्या घरभेटीने होतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक अर्ज ती भरते, ज्यात वय, तंबाखू, मद्यपान, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि घरातील आजारांचा इतिहास यांना गुण दिलेले असतात, आणि चारपेक्षा अधिक गुण पडलेल्यांना तपासणीसाठी आधी बोलावले जाते. साठीपुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना वा चालताना तोल जातो का, आंघोळ-कपड्यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरतो का. म्हातारपण म्हणजे आजारांची बेरीज नव्हे, याची जाण असलेला सबंध कार्यक्रमातील हा बहुधा सर्वांत शहाणा भाग असावा.

उपकेंद्रातील रक्तदाब मोजणे वरकरणी सोपे वाटते, परंतु उन्हातून चालत आलेल्या आजोबांना निदान पाच मिनिटे पाठ टेकवून स्वस्थ बसवावे लागते, सदऱ्याची बाही दंडावर आवळून न गुंडाळता हात मोकळा करावा लागतो, तो हृदयाच्या पातळीवर टेकवावा लागतो, मोजणी चालू असताना सुनेच्या तक्रारी थांबवाव्या लागतात, आणि थोड्या अंतराने दुसऱ्यांदा मोजावे लागते. वृद्धांचा रक्तदाब उभे राहताच एकदम उतरू शकतो व त्यामुळे ते पडतात, म्हणून तो उभ्यानेही पाहणे इष्ट असते. गर्दीच्या दिवशी यातले पहिले बळी ती पाच मिनिटे जातात.

निदानानंतरची घडी बसवण्याचे श्रेय भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाला द्यावे लागते. २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झालेल्या या उपक्रमात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे प्रथम आले. त्याची रीत साधी आहे: ठरावीक मोजक्या औषधांचा क्रम, म्हणजे बहुधा आधी अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी व ती अपुरी पडल्यास पुढची पायरी, एका वेळी निदान ३० दिवसांच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि ठरल्या दिवशी न आलेल्यांची यादी काढून त्यांचा पाठपुरावा. यश मोजायचे ते किती जणांना तपासले यावरून मोजत नाहीत, नोंदलेल्यांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आला यावरून मोजतात, आणि या एका बदलाने कामाची दिशाच बदलते.

गोळी सुटण्याची कारणे त्या यादीतूनच उमगतात. कोणाचे पाय अ‍ॅम्लोडिपिनने सुजतात आणि ते कोणाला न विचारता गोळी बंद करतात. कोणाला बरे वाटू लागले म्हणजे आजार गेला असे वाटते. बीड-अहिल्यानगर पट्ट्यातील कुटुंबे ऊसतोडीला गेली की जे सोबत जातात त्यांचे कार्ड मागे राहते आणि जे मागे राहतात त्यांना दवाखान्यात नेणारे कोणी उरत नाही. पहिल्या अडचणीवर गोळी बदलून देता येते, शेवटच्या अडचणीवर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आगाऊ देणे हाच व्यवहार्य उपाय आहे, आणि करोनाकाळात अनेक ठिकाणी घरपोच औषधे पोचवून तो शक्य असल्याचे दिसलेही आहे. मधुमेहाचे दुखणे याहून अवघड, कारण पायांची व डोळ्यांच्या पडद्याची तपासणी उपकेंद्राच्या आवाक्याबाहेर जाते आणि तालुक्याची फेरी वृद्धाला एकट्याने झेपत नाही.

हा सारा डोलारा ज्या आशाताईवर उभा आहे, तिला कामागणिक मोबदला मिळतो. आजार शोधण्याच्या अर्जामागे १० रुपये ठरलेले आहेत. अर्ज एकदाच भरायचा असतो, आजोबांकडे मात्र दर महिन्याला जावे लागते, आणि मोबदल्याची रचना या दुसऱ्या कामाला पुरेसा न्याय देत नाही. प्रत्येक उपकेंद्रासाठी जन आरोग्य समितीची तरतूद असून तिचे अध्यक्षपद सरपंचाकडे असते. त्या समितीच्या बैठकीत ग्रामस्थांनी दोनच आकडे मागावेत: नोंदलेल्या रुग्णांपैकी गेल्या महिन्यात किती जणांनी औषध नेले, आणि महिन्यातून किती दिवस गोळ्या संपलेल्या होत्या.